तलंगेचे पहिले अंडे

बंगळूरजवळील हेसरघट्टा हे गाव केंद्र सरकारच्या कुक्कुटविकास संस्थेमुळे कुक्कुटपालकांच्या परिचयाचे आहे. या भागात नाचणी हे शेतकऱ्याचे जुने धान्य. अंगणातील कोंबड्यांपुढेही तेच टाकले जाते. कॅल्शियमच्या बाबतीत नाचणी इतर धान्यांहून सरस खरी. परंतु अंडी देणाऱ्या कोंबडीची गरज तेवढ्याने भागत नाही.

पांढऱ्या लेगहॉर्न जातीची तलंग साधारणतः १८ ते २० आठवड्यांची झाली की अंड्यावर येते; गावठी तलंगेस याहून अधिक काळ लागतो. तुरा लालभडक होणे आणि गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंची हाडे एकमेकांपासून दूर सरणे, ही त्याची लक्षणे होत.

एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते; १०० ग्रॅम नाचणीतून जेमतेम ०.३५ ग्रॅम मिळते. उरलेले कोंबडी आपल्या हाडांतून काढते. मग कवच पातळ होते आणि पुढेपुढे पायही लुळे पडतात.

म्हणून अंडी सुरू होताच खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिने व सुमारे ३.५ टक्के कॅल्शियम असावे. कवच मुख्यतः रात्री घडत असल्याने सायंकाळी शिंपल्यांचा जाडसर चुरा निराळ्या भांड्यात ठेवावा.

मात्र हेच खाद्य वाढीच्या वयात देऊ नये. तेव्हा १ टक्का कॅल्शियम पुरेसे असते. अधिक झाल्यास मूत्रपिंडांस कायमची इजा होते. पहिल्या अंड्याची घाई करणारा पुढची अनेक अंडी गमावून बसतो.