कागद खालून वाचू



मी बिदरजवळच्या जनवाड्याचा. धंदा मोटारी भरायचा. विहिरीवरची किंवा बोअरची मोटार जळाली की लोक ती मोटारसायकलवर आडवी बांधून माझ्याकडं आणतात. मी जळकी तार उपटतो, नवी भरतो, वार्निश लावतो. असा माणूस आज गेमिंग कॉम्प्युटरवर बोलायला बसलाय, ह्याचं खापर माझ्या भाच्यावर फोडा.

भाचा डिप्लोमाला आहे. मोबाइलवर खेळून खेळून त्याचे अंगठे दुखायला लागले. तुरीचा हिशोब झाला की कॉम्प्युटर घेऊ, असा शब्द अक्कानं त्याला दिला होता. तूर विकली, अडतीवरून पैसे हातात आले आणि पोरगं वहीचं पान घेऊन माझ्याकडं आलं. "मामा, तुम्ही बघा एकदा. साठ हजारात बसवलंय."

पानावर सगळ्यात वर ग्राफिक्स कार्ड, आरटीएक्स 4060, खाली दोन रेघा मारलेल्या. मग प्रोसेसर, मग बोर्ड, रॅमची एकच कांडी. अगदी तळाला, पान संपत आलंय म्हणून बारीक अक्षरात, 'कॅबिनेट आणि एसएमपीएस, 2500'. मॉनिटर कुणाचा तरी जुना. यूपीएसचं नावच नाही.

मी कागद उलटा धरला आणि म्हणालो, "बाबा, हे आपण खालून वाचू."

खालून म्हणजे भिंतीपासून. वीज भिंतीतून येते, आणि आपल्याकडं ती कशी येते हे मला सांगायला नको. शेतावरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की बल्ब पिवळा पडतो, बंद झाल्या की पांढराफेक होतो. लाईट जाते ती सांगून जात नाही आणि येते ती धक्का देत येते.

अक्काच्या घरी आधीचा एक जुना कॉम्प्युटर होता, ऑफिसातून निघालेला. त्याच्या पत्र्याला ओला हात लागला की मुंग्या यायच्या. घरात सगळ्यांना वाटायचं, कॉम्प्युटर म्हटल्यावर एवढं असायचंच. मी भिंतीवरचा बोर्ड उघडला. तीन पिनांचा सॉकेट होता, पण तिसऱ्या, जाड भोकाच्या मागं तारच नव्हती. एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा. त्याच्या तोंडाशी विजेतली खरखर गाळायला बारीक कपॅसिटर बसवलेले असतात. त्यांतून थोडी वीज पत्र्यावर उतरते. तिनं अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जायचं. वाटच नसेल तर ती पत्र्यावर बसून राहते आणि तुमच्या हाताची वाट बघते. टेस्टर लावला तर मंद पेटतो. त्या विजेनं सहसा माणूस मरत नाही, पण उद्या आत खरा शॉर्ट झाला तर तिला पळायला जागा नाही, ही गोष्ट जिवाची आहे.

तेव्हा पहिली खरेदी झाली पाइपाची. अंगणात खड्डा घेतला. वर हातभर काळी माती, खाली मुरूम. जीआय पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि खडेमीठ, थरावर थर, वरून पाणी. तार ओढून सॉकेटपर्यंत आणली. नंतर फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये बल्ब धरून पाहिला, लख्ख पेटला. भाचा घाम पुसत म्हणाला, "मामा, ह्यानं गेम किती फास्ट होईल?"

आता यूपीएस. त्याच्यावर 600 व्हीए लिहिलेलं असतं, आणि लोक त्याला 600 वॅट समजतात. साध्या यूपीएसमध्ये त्याचे साधारण 360 वॅट धरायचे. कार्ड, प्रोसेसर, मॉनिटर सगळं मिळून खेळताना तीनशेच्या जवळ गेलं, तर तो ऐन वेळी कुई करून बसतो. आम्ही 1000 व्हीएचा घेतला. आणि तो खेळायसाठी नाही हे पोराला दोनदा सांगितलं. लाईट गेल्यावर पाच मिनिटांत काम सेव्ह करायचं, मशीन नीट बंद करायचं, एवढ्यासाठी तो.

मग एसएमपीएस. इथं मी जरा थांबणार, कारण माझे हात पोळलेले आहेत. तीन वर्षांपूर्वी दुकानात बिलं करायला मी कॉम्प्युटर जोडून घेतला. ज्यानं जोडला त्याचं नाव घेत नाही. कॅबिनेटबरोबर 'फुकट' एसएमपीएस आला. वर मोठ्या अक्षरात 500 वॅट. पावसाळ्यात एका संध्याकाळी लाईट गेली, आली, आणि फट्‌ झालं. स्वतः गेला तो गेला, बोर्डालाही बरोबर घेऊन गेला. मी उघडून पाहिला. ट्रान्सफॉर्मर लिंबाएवढा, आणि पुढं विजेचा झटका अडवणारे जे भाग असतात त्यांची जागा पाटीवर छापलेली, भाग मात्र बसवलेलेच नाहीत. मी जन्मभर तांब्याची तार वजनावर घेतलेला माणूस. तो डबा हातात घेतल्यावरच कळायला हवं होतं.

एसएमपीएसच्या कडेला एक तक्ता चिकटवलेला असतो, तो वाचा. '+12 व्होल्ट' असा रकाना असतो, खाली अँपिअर. बारा गुणिले तो आकडा. प्रोसेसर आणि कार्ड ह्याच बारा व्होल्टवर जगतात. माझ्या त्या डब्यावर 16 अँपिअर होते, म्हणजे 192 वॅट. मग 500 कुठून आले? छापखान्यातून. चांगल्या 500 वॅटच्या एसएमपीएसवर हा आकडा चाळीसच्या घरात असतो. शिवाय 'एटी प्लस ब्राँझ' असा शिक्का बघा. त्याचा अर्थ, अर्ध्या भारावर भिंतीतून घेतलेल्या शंभर युनिटांतली पंच्याऐंशी तरी कामाला लागतात, बाकीची ऊब होऊन जातात.

ऊब म्हटलं की आपला एप्रिल-मे आलाच. पोरं कार्डाचे व्हिडिओ बघतात. त्यात परीक्षा घेणारा एसीत बसलेला असतो, खोली 22 अंश, चिप 65 अंश. पंखा काही बर्फ तयार करत नाही, खोलीतलीच हवा चिपवर मारतो. म्हणजे चिप खोलीपेक्षा 43 अंशांनी वर. आता तेच मशीन अक्काच्या पत्र्याच्या खोलीत ठेवा, मे महिना, दुपारचे दोन, आत चाळीस. बेरीज तुम्हीच करा. ताप मर्यादेपर्यंत पोचला की चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते, आणि पोरगं म्हणतं गेम अडकतोय.

म्हणून कॅबिनेट निवडताना काचेकडं आणि रंगीत दिव्यांकडं बघू नका, तोंडाकडं बघा. पुढं जाळी हवी, काच नको. माळवदाच्या घरात चुलीचा धूर जायला सवणं ठेवलेलं असतं. तोच हिशोब. समोरून गार हवा आत, मागून आणि वरून गरम बाहेर. आणि जाळीला निघणारी गाळणी असावी, कारण आपल्याकडं मळणीचे दिवस असतात. सोयाबीनचं, तुरीचं भुसकट घरात कुठून येतं देव जाणे, पण पंख्यात बरोबर पोचतं. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर ती भिरभिरून बेअरिंग खातात.

आता कुठं आम्ही पानाच्या मधोमध आलो, आणि पैसे अर्धे संपलेले.

प्रोसेसर आणि कार्ड यांची जोडी लागते. एका बाजूला देवणी बैल आणि दुसऱ्या बाजूला कालवड जुंपली तर जू तिरकं चालतं, तसं. पण आमच्याकडं दुसऱ्या बैलाला पैसेच उरले नव्हते. त्यात रॅमनं घात केला. 2025 च्या शेवटी जगभर एआयच्या मोठमोठ्या केंद्रांनी मेमरी उचलली आणि कांडीचे भाव दुपटीच्या पुढं गेले. जनवाड्यातल्या तुरीचा आणि अमेरिकेतल्या एआयचा काय संबंध, असं कुणी विचारलं तर हा एवढा.

भाचा म्हणाला, जुनं कार्ड घेऊ, अर्ध्यात मिळतंय. मी त्याला विचारलं, ते आधी काय करत होतं? 2021 च्या सुमारास लोकांनी कार्डं रात्रंदिवस इथेरियमचं आभासी चलन काढायला जुंपली होती. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियमनं ती पद्धतच बंद केली आणि ती सगळी कार्डं बाजारात उतरली. सगळीच वाईट नसतात. पण जळक्या मोटारीला वास येतो, कार्डाला येत नाही. बिल नाही, वॉरंटी नाही. नको.

शेवटी असं ठरलं की यंदा कार्डच घ्यायचं नाही. हो, गेमिंग कॉम्प्युटर, आणि कार्डाशिवाय! प्रोसेसरच्या नावामागचं अक्षर इथं कामाला येतं. इंटेलच्या 12400 एफमधल्या 'एफ'चा अर्थ, ह्यात चित्र दाखवायची सोय नाही, कार्ड नसेल तर स्क्रीन काळी. एएमडीच्या रायझन 5 5600 जीमधल्या 'जी'चा अर्थ, ग्राफिक्स आतच आहे. आम्ही 'जी' घेतला. व्हॅलोरंट त्याच्यावर मजेत चालतो. जीटीए 5 सुद्धा चालतो, चित्राचा थाट थोडा उतरवला की झालं. एसएमपीएस 550 वॅटचा घेतलाय, पुढच्या तुरीला कार्ड आणलं तर त्याची जागा तयार आहे. फक्त अशा प्रोसेसरला रॅमच्या दोन कांड्याच लागतात, 16 ची एक घेण्यापेक्षा 8 च्या दोन. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स रॅममधूनच जेवतं, ताटं दोन असली की भराभर वाढता येतं.

खरेदीला आम्ही सिकंदराबादला गेलो, पार्कलेनच्या चेनॉय ट्रेड सेंटरला. सगळे त्याला सीटीसी म्हणतात. बिदरहून विकाराबादमार्गे गाडी. तिथं मजले चढताना दुकानामागं दुकान, आणि प्रत्येक जण हाक मारतो. एकानं भाव सांगून झाल्यावर विचारलं, "बिल होना क्या नक्को?" नक्को म्हटलं की हजार-दोन हजार कमी. भाच्याचे डोळे चमकले. मी म्हणालो, होना. वस्तू बिघडली तर वॉरंटीवाला आधी बिल मागतो, आणि बिलावर डब्यावरचा सिरियल नंबर आहे का बघतो. परतताना मॉनिटर गाडीत माझ्या मांडीवर होता.

मॉनिटरवर मात्र मी हट्ट सोडला, भाच्याचं ऐकलं. 144 हर्ट्‌झचा घेतला. साधा मॉनिटर सेकंदाला साठ चित्रं दाखवतो, हा 144. चांगला मॉनिटर पुढच्या दोन मशीनलाही पुरतो. पण घरी आल्यावर तो दोन दिवस साठवरच चालत होता. विंडोजमध्ये जाऊन आकडा बदलावा लागतो, आपोआप होत नाही. असे किती 144 वाले जन्मभर साठवर खेळत असतील!

जोडणी आम्ही दोघांनी ओसरीवर केली. रॅमच्या कांड्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. पेस्ट कूलरला लावूनच आली होती, नसती तर हरभऱ्याएवढी पुरे. पहिल्यांदा बटण दाबलं, पंखा फिरला, स्क्रीन काळी. पोरगं पांढरं पडलं. रॅमची एक कांडी पुरती बसली नव्हती. दाबली, टक्‌ वाजलं, चित्र आलं.

आता मशीन लाकडी पाटावर बसलंय, रोज संध्याकाळी चालतं. मुरमात ओल टिकत नाही, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावं लागतं. ते काम अक्काकडं आहे. परवा ती कळशी ओतत होती तेव्हा शेजारणीनं कुंपणावरून विचारलं, "काय गं, काय लावलंयस तिथं? काही उगवलेलं तर दिसत नाही."

अक्का म्हणाली, "कॉम्प्युटर."