पाहुण्यांची बोली



मुंबई-पुण्याकडील उपाहारगृहांच्या पाट्यांवर आज ‘हक्का नूडल्स’ हे शब्द सर्रास वाचावयास मिळतात. तो पदार्थ आवडीने खाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की, हक्का हे एका समाजाचे आणि त्याच्या भाषेचे नाव आहे. ही भाषा ऐकण्यासाठी चीनला जावयास नको. कोलकात्याच्या पूर्व भागातील तांगरा वस्तीत वडीलधाऱ्यांच्या तोंडून ती अजून ऐकू येते.

आपण ‘चिनी भाषा’ असे एकवचनात बोलतो, तेथेच पहिली चूक होते. घड्याळाच्या तबकडीवरील पाचाचा आकडा पाहून मराठी माणूस ‘पाच’ म्हणतो, तमिळ माणूस ‘ऐंदु’ म्हणतो आणि इंग्रज ‘फाइव्ह’. चिनी लिपीचे पुष्कळसे असेच आहे. ‘मनुष्य’ या अर्थाचे दोन रेघांचे चिन्ह मँडरिन बोलणारा ‘रन’ असे वाचतो, कँटनकडचा माणूस ‘यान’ असे, तर हक्का ‘न्यिन’ असे. जेवण्याला कँटनीजमध्ये ‘सिक फान’ म्हणतात, हक्कामध्ये ‘सित फान’. मँडरिनने तर त्यातील क्रियापदच बदलले आहे. कागदावर एकमेकांना समजणारी ही माणसे समोरासमोर बोलू लागली की परकी होतात.

कोलकात्यात चिनी वस्तीचा आरंभ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. तोंग आछ्यू नावाच्या व्यापाऱ्याने वॉरन हेस्टिंग्जकडून बजबजजवळ जमीन मिळविली आणि तेथे साखरेचा कारखाना काढला. अछिपूर हे गाव आजही त्याचे नाव चालविते. पुढे जे आले त्यांनी बोलीप्रमाणे धंदे वाटून घेतले. कँटनीज लोक सुतारकामात नावाजले. हूपेई प्रांतातून आलेले दातांची वैद्यकी करीत आणि कागदी फुले बनवीत. हक्का लोकांनी बेंटिंक स्ट्रीटवर जोड्यांची दुकाने थाटली, आणि येथील उच्चवर्णीयांनी विटाळाचा मानलेला कातडी कमावण्याचा धंदा तांगऱ्यात नावारूपास आणला. म्हणजे मुलगा बापाकडून धंदा शिके, तो बापाच्या बोलीतच. कारखान्यातील बिहारी कामगारांशी हिंदी, घरात हक्का, अशी विभागणी होती.

देवळेही अशीच वाटलेली. टिरेटा बाजाराच्या परिसरात सी इप नावाचे चिनी देवालय आहे. सी इप म्हणजे ‘चार जिल्हे’. कँटनजवळच्या या चार जिल्ह्यांतील लोकांनी ते उभारले. मुंबईत माझगावला जे जुने चिनी देवालय आहे, त्याच्या नावातही हेच चार जिल्हे आहेत.

‘हक्का’ या शब्दाचा अर्थ ‘पाहुणे’ असा आहे. उत्तरेकडून दक्षिण चीनमध्ये मागाहून आलेल्या या लोकांना तेथील मूळच्या रहिवाशांनी ते नाव दिले, आणि ते कायमचे चिकटले. १८५५ ते १८६७ या काळात त्याच चार जिल्ह्यांच्या टापूत कँटनीज बोलणारे आणि हक्का यांच्यात भीषण रक्तपात झाला. त्याच दोन्ही बाजूंचे वंशज पुढे कोलकात्यात एकाच बाजारात नांदले. येथे दोघेही पाहुणेच होते.

पाहुणेपणाची कसोटी १९६२ साली लागली. चीनशी युद्ध झाले आणि चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत नेऊन ठेवण्यात आले. त्यांत याच भूमीत जन्मलेलेही पुष्कळ होते. त्यानंतर देश सोडून जाण्याची लाट सुरू झाली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणाच्या कारणास्तव तांगऱ्यातील चर्मालये बानतळ्याला हलविण्याचा आदेश दिला. तो नदीच्या हिताचा होता, यात शंका नाही. पण ज्या धंद्याने बोली टिकविली होती तो तेथून उठला. पुष्कळ चर्मालयांच्या जागी खाणावळी आल्या.

शाळेचा आधार या बोलीला कधीच नव्हता. तांगऱ्यातील पेई मे शाळेत चिनी शिकवीत ती मँडरिन. मुले घरची बोली शाळेत शिकत नसत, आणि शाळेतली भाषा घरी बोलत नसत. पुढे पालकांना इंग्रजी शाळा हव्याशा वाटू लागल्या आणि ती शाळाही बंद पडली. १९६९ पासून निघणारे ‘सिओंग पाओ’ हे चिनी वृत्तपत्र २०२० साली महामारीच्या काळात थांबले. मात्र वृत्तपत्र थांबले तरी त्याची लिपी जगात कोट्यवधी लोक वाचतात. तांगऱ्याची हक्का थांबली, तर ती कोणत्या कागदात शोधावयाची?

आपल्याकडे अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी बोलणाऱ्यांना हा प्रश्न परका वाटू नये. प्रमाणभाषेत शिकावे, घरची बोली ओशाळून बाजूला ठेवावी, हे आपणही केले आहे. पण अहिराणीला खानदेश आहे, मालवणीला कोकण आहे. तांगऱ्याच्या हक्काला पाठीशी प्रदेश नाही. आहेत ती फक्त माणसे, आणि त्यांतील पुष्कळशी आता कॅनडात टोरांटोला आहेत. गंमत अशी की, तेथे ‘हक्का’ या पाटीखाली जे जेवण मिळते, ते बहुधा हिरव्या मिरचीचे, कोलकात्याच्या वळणाचे असते.

पदार्थ टिकला, कारण त्याला गिऱ्हाईक मिळाले. बोलीला गिऱ्हाईक नको, ऐकणारा हवा. तांगऱ्यातील एखादी आजी नातवाला ‘सित फान’ म्हणून हाक मारते आणि नातू हिंदीत ‘आलो’ म्हणतो. तो येतो, म्हणजे हाकेचा अर्थ त्याला अजून कळतो. तोवर त्या आजीचा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवणे शक्य आहे. ज्या भाषेला कागद नाही तिला आवाजाचाच आधार, आणि आवाज जपून ठेवण्याचे साधन आज प्रत्येकाच्या खिशात आहे.