मिरची उन्हात वाळते, ढिगात कुजते
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आजच्या बैठकीच्या पत्रिकेवर कापसाच्या खालोखाल 'घरची मिरची वाळवणे' असा विषय लिहिलेला आहे. तो वाचून मागच्या बाजूला हसू झाले, ते आम्ही ऐकले. कापसाच्या सभेत बायकांचे वाळवण कशाला, असे काहींना वाटले असेल. खुशाल हसा. पण हसणाऱ्यांनी एकदा हात वर करून सांगावे, गेल्या उन्हाळ्यात तुमच्या घरात तिखट घरचे होते की दुकानातून पुडी आली?

हात फारसे वर येत नाहीत.

आपल्याकडे कपाशीच्या कडेला, विहिरीच्या धावेजवळ, परसात मिरचीच्या आठ-दहा ओळी असतातच. लाल होऊ लागली की कापूस वेचणीची घाई असते. वाळवायला कोण बसणार म्हणून ओलीच मिरची बाजारात मिळेल त्या भावाने दिली जाते. मग मे महिन्यात तीच मिरची तिखट होऊन आपल्याच दारात येते, आणि भाव मात्र तिने सांगायचा. त्या पुडीत काय आहे हे कुणाला माहीत? 2003 साली भारतातून गेलेल्या तिखटात 'सुदान' नावाचा कारखान्यातला लाल रंग फ्रान्समध्ये सापडला. तो खाण्याचा रंग नव्हे. परदेशात माल तपासणारे लोक होते म्हणून कळले. आपल्या आठवडी बाजारातली सुटी पुडी कोण तपासतो?

आता आमची फजिती ऐका. आम्ही शेतकी कॉलेजात चार वर्षे शिकलो. मिरचीवरच्या बुरशीचे लांबलचक नाव पाठ केले, वाळल्या मिरचीत ओल किती असावी ते लिहून मार्क मिळवले. नोकरी सोडून तुमच्यात आलो, त्या वर्षी घरची मिरची अंगणात पसरली होती आणि अवेळी पाऊस आला. आम्ही शहाणपणाने तिचा ढीग केला, वर ताडपत्री टाकली, चार कोपऱ्यांना दगड ठेवले आणि निवांत सभेला निघून गेलो. तिसऱ्या दिवशी ताडपत्री उचलली तर तोंडावर वाफ आली. वरून मिरची लालच दिसत होती, पण फोडली की आत करडी बुरशी. आईने एवढेच विचारले, "कागदावर वाळवली होती का रे?" त्या मिरच्या फार झोंबल्या.

म्हणून आधी हिशेब समजून घेऊ. झाडावरून आणलेल्या लाल मिरचीत साधारण 75 टक्के पाणी असते. म्हणजे 100 किलोत 25 किलो माल आणि बाकी पाणी. ओल 10 टक्क्यांवर आणली की हातात सुमारे 28 किलो मिरची राहते. काही जण म्हणतात, जरा ओलसर ठेवू, वजन भरेल. ओल 15 टक्के ठेवली तर होतात साडेएकोणतीस किलो. दीड किलोच्या लोभात सगळे पोते बुरशीच्या तोंडी द्यायचे, हा कुठला व्यवहार?

ही बुरशी नुसती दिसायला वाईट नसते. ॲस्परजिलस नावाची बुरशी ॲफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. ते यकृताला घातक आहे, कर्करोग करणारे आहे, आणि फोडणीत किंवा तव्यावर भाजून जात नाही. बुरशी पुसली, पुन्हा ऊन दिले, तरी विष आतच राहते. अशी मिरची ढेपेत मिसळून जनावराला घालू नका. गाईच्या पोटातून ते दुधात उतरते आणि दूध आपलीच लेकरे पितात. बुरशी लागलेली मिरची खड्ड्यात पुरायची. जीव हळहळतो, पण इलाज नाही.

आता वाळवायचे कसे? पूर्ण लाल झालेलीच मिरची तोडा. अर्धी हिरवी सुकवली की पांढरी फटक पडते. तोडलेली मिरची दोन-तीन दिवस सावलीत, वारा लागेल अशी ठेवली की राहिलेला हिरवेपणा जाऊन सारखा रंग येतो. डागाळलेली, पिचलेली, किडकी आधीच बाजूला काढा. देठ तोडू नका. देठाच्या भोकातूनच बुरशी आत शिरते.

वाळवण मातीवर किंवा सारवलेल्या अंगणात नको. खालून ओल येते, धूळ बसते, कोंबड्या-कुत्री फिरतात. त्यापेक्षा तुराट्यांचा तट्टा करा, चार दगडांवर हातभर उंच ठेवा आणि वर जुने धुतलेले लुगडे पसरा. बाज असेल तर तीही चालते. खालून वारा खेळला की मिरची लवकर वाळते. थर एकेरी ठेवा आणि दिवसातून तीन-चार वेळा हलवा. रात्री दव पडते, म्हणून ऊन उतरताच झाका किंवा घरात घ्या. असे दहा ते पंधरा दिवस कडक ऊन लागते. पाऊस आलाच तर आमच्यासारखा ढीग करू नका. घरात, पडवीत, जिथे जागा असेल तिथे पातळ पसरा आणि दारे-खिडक्या उघडी ठेवा.

वाळली हे कसे ओळखायचे? हलवली की बी खुळखुळते, वाकवली की मोडते. सकाळी दवाने मऊ लागते, म्हणून परीक्षा दुपारी करा. खात्री नसेल तर पाच-सहा मिरच्या काचेच्या बरणीत घालून झाकण घट्ट लावा आणि तासभर उन्हात ठेवा. काचेवर आतून घाम आला, तर आणखी दोन दिवस ऊन द्या.

साठवताना खताचे किंवा औषधाचे पोते अजिबात वापरू नका, कितीही धुतले तरी नको. मिरची गार झाल्यावर स्वच्छ कोरड्या डब्यात भरा आणि अंधारात ठेवा. उजेडाने व हवेने तिचा लाल रंग उडतो. कुटल्यावर तो आणखी लवकर उडतो, म्हणून वर्षाचे तिखट एकदम कांडू नका. अख्खी मिरची ठेवा आणि दोन-तीन महिन्यांपुरती पुन्हा ऊन देऊन कांडा. तिखटात हिंगाचा खडा टाकण्याची आपल्या आज्यांची रीत चांगली आहे, पण ओली मिरची हिंगाने वाचत नाही. कांडताना हातांची आग झाली तर आधी तेल चोळा, मग साबण लावा. मिरचीचा जाळ तेलात विरघळतो, नुसत्या पाण्याने पसरतो.

एक गोष्ट पुरुष मंडळींसाठी. कपाशीवरचा पंप तसाच पुढे मिरचीच्या ओळींवर फिरवू नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले. तेच विष पोटात जाणाऱ्या पिकावर कशाला? मिरची वाळली की चार किलोची एक किलो होते, आणि उन्हात न उडालेला विषाचा अंश त्या एका किलोत गोळा होतो. मिरचीसाठी शिफारस असेल तेवढेच औषध मारा, आणि डब्यावर लिहिलेले दिवस उलटल्याशिवाय तोडा करू नका.

आणि शेवटचे. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईनेच संध्याकाळी अंधारात मिरची गोळा करायची, हे बरे नाही. तट्टा बांधणे, उचलणे, झाकणे ही कामे आपणही करू शकतो. घरापुरती मिरची आधी नीट वाळवू. ते जमले की जास्तीची वाळवून ठेवू आणि भाव पाहून विकू. ओली मिरची त्याच दिवशी विकावी लागते. वाळलेली मिरची मालकासाठी थांबते.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने घरची मूठभर वाळली मिरची रुमालात बांधून आणावी. इथेच सगळ्यांसमोर मोडून पाहू. आमचीही आणतो. यंदा ती ताडपत्रीखाली ठेवलेली नाही.

एवढे बोलून थांबतो.