विमानातला मोबाइल आणि खोडदची दुर्बीण



पुणे जिल्ह्यात नारायणगावच्या बाजूला गेलं, की खोडदच्या शिवारात मोठाल्या जाळीदार थाळ्या दिसू लागतात. ही जीएमआरटी, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण. 45 मीटर व्यासाच्या 30 थाळ्या. त्यांतल्या 14 खोडदजवळ एकत्र आणि बाकीच्या तीन दिशांना दूरवर पांगलेल्या. अवकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण लहरी त्या टिपतात. फोनच्या लहरींत त्या हरवू नयेत, म्हणूनच इथे पाहायला येणाऱ्यांना मोबाइल बंद ठेवायला सांगतात.

विमानात मोबाइल फ्लाइट मोडवर ठेवण्याच्या नियमामागेही असंच कारण आहे.

आपला एफएम रेडिओ 108 मेगाहर्ट्झला संपतो आणि तिथूनच विमानांना वाट दाखवणाऱ्या लहरींचा पट्टा सुरू होतो. धुक्यापावसात धावपट्टीची नेमकी रेघ वैमानिकाला त्यातूनच कळते. 118 ते 137 मेगाहर्ट्झवर तो नियंत्रण कक्षाशी बोलतो. मोबाइलचा पट्टा वेगळा आहे, हे खरं. पण टॉवर सापडेना, की फोन जोर वाढवून शोधत राहतो. फोन वाजण्याआधी शेजारच्या स्पीकरमध्ये होणारी टर्र-टर्र पुष्कळांनी ऐकली असेल. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर उतरण्याची सूचना येत असताना तीच खरखर वैमानिकाच्या कानात नको! एका फोनने विमान पडत नाही, पण त्या घडीला ऐकलेला प्रत्येक आकडा मोलाचा असतो.

पूर्वी विमान उड्डाण करताना आणि उतरताना प्रवाशांना सगळी इलेक्ट्रॉनिक उपकरणं बंद ठेवावी लागत. एप्रिल 2014 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने फ्लाइट मोडवर ती प्रवासभर वापरायला मुभा दिली. गाणी ऐका, पुस्तक वाचा. फोनने लहरी सोडू नयेत, एवढंच. लॅपटॉप मात्र त्या दोन्ही वेळी आवरून ठेवायचा, कारण धक्का बसला तर तो उडून कुणाला तरी लागेल.

डिसेंबर 2018 च्या नियमांनी पुढचं दार उघडलं. ज्या विमानात तशी सोय आहे, तिथे 3000 मीटरच्या वर फोन आणि इंटरनेट वापरायला त्यांनी मुभा दिली. अशा विमानात मोबाइल टॉवरसारखं छोटं केंद्र बसवलेलं असतं. फोनला ते हाताशी सापडतं, त्यामुळे कमी ताकदीत काम होतं आणि पुढचा निरोप उपग्रहामार्फत किंवा जमिनीवरच्या खास केंद्रांमार्फत जातो. फोन वापरायला हरकत नाही, अशी विमानात घोषणा होईपर्यंत मात्र फ्लाइट मोड काढायचा नाही.