फोन भरला? आधी निवडा, मग पुसा

मी घाटकोपरच्या बचत गटांचं काम पाहते.

आमच्या एका ताईंचा फोन भरला, नवा फोटो निघेना. त्यांनी रागारागाने गॅलरीतलं सगळंच पुसलं. 'शुभ सकाळ'च्या व्हिडिओंबरोबर गटाच्या मालाच्या पावत्यांचे फोटोही गेले. दोन महिन्यांचा हिशेब दुकानोदुकानी फिरून जुळवावा लागला.

म्हणून आधी पावत्यांचे, हिशेबवहीचे फोटो गटाच्या सचिवांच्या फोनवर पाठवून ठेवा.

मग व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जा. 'स्टोरेज आणि डेटा' उघडा, त्यात स्टोरेज व्यवस्थापनाचा पर्याय आहे. तिथे ५ एमबीपेक्षा मोठे आणि पुन्हा पुन्हा फॉरवर्ड झालेले व्हिडिओ वेगळे दिसतात. एकावर बोट दाबून धरा, नको असलेल्या बाकीच्यांना हात लावत जा, शेवटी कचरापेटीचं चिन्ह दाबा. एकेक पुसत बसायला नको. तिथेच व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणंही बंद करा.

गुगल फोटोजमध्ये मात्र जपून. बॅकअप चालू असेल, तर तिथे पुसलेलं गुगलच्या खात्यातूनही जातं. चूक झालीच, तर 'ट्रॅश' बघा; बॅकअप झालेले फोटो तिथे ६० दिवस राहतात.

वांद्र्याला महालक्ष्मी सरस प्रदर्शनात माल घेऊन येणाऱ्या मैत्रिणींनी ही सफाई घरूनच करून निघावं. गिऱ्हाईक समोर उभं असताना फोन अडायला नको.

पुढच्या बैठकीत दहा मिनिटं काढा, एकमेकींना शिकवा.