उसने रक्तजल आणि स्वतःची शक्ती



आज मी आपल्याला चार उंदरांची हकीकत सांगणार आहे. ती १८९० सालची, बर्लिनमधील आहे. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत एमिल बेरिंग हे जर्मन आणि शिबासाबुरो कितासातो हे जपानी डॉक्टर धनुर्वातावर संशोधन करीत होते. या रोगाचे जंतू जखमेपुरतेच राहतात. रोगी दगावतो तो त्यांनी सोडलेल्या विषाने.

या दोघांनी एका सशाच्या अंगी धनुर्वाताला तोंड देण्याची शक्ती आणली. त्याचे रक्त गोठण्यापूर्वी एका उंदराच्या पोटात ०.२ आणि दुसऱ्याच्या पोटात ०.५ घन सेंटिमीटर टोचले. चोवीस तासांनी त्या दोघांना आणि दुसऱ्या दोन साध्या उंदरांना जिवंत जंतू टोचले. साधे उंदीर छत्तीस तासांत मेले. सशाचे रक्त मिळालेले दोन्ही उंदीर धडधाकट राहिले! पुढे रक्तपेशी काढून टाकलेल्या नुसत्या रक्तजलानेही तोच गुण दाखविला. १९०१ मध्ये वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक बेरिंग यांना मिळाले.

त्या रक्तजलात होते तरी काय? ते एक प्रथिन होते. त्याला आपण प्रतिपिंड म्हणतो. ते विषाला चिकटते आणि मज्जातंतूंपर्यंत पोहोचू देत नाही. त्याची रचना उलगडल्याबद्दल पोर्टर व एडेलमन यांना १९७२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु मित्रहो, एक गोष्ट ध्यानात ठेवा. बाहेरून आणलेले हे प्रथिन उसने असते. काही आठवड्यांत ते संपते. लस मात्र शरीराला ते स्वतः तयार करायला शिकविते. धनुर्वात एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होत नाही, असेही नाही. बऱ्या झालेल्या रोग्यालाही लस घ्यावीच लागते.

गरोदर मातेने लस घेतली की तिचे प्रतिपिंड वारेतून बाळाला मिळतात आणि नाळ कापताना होणाऱ्या धनुर्वातापासून त्याचे रक्षण होते. लसीकरण आणि स्वच्छ बाळंतपण यांच्या बळावर २०१५ मध्ये भारताने माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन साधले. हे यश टिकविणे आपल्या हाती आहे. म्हणून आज घरी गेल्यावर आपण एवढेच विचारावे : आपल्या घरात कोणाची लस राहिली आहे काय?