संत्रानगरी आणि ताटातली लिंबाची फोड

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. हिवाळ्यात आंबिया बहाराची आणि उन्हाळ्याच्या तोंडावर मृग बहाराची फळे कळमना बाजारात ढिगांनी उतरतात. हे वैभव दाराशी असताना २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मात्र महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक महिलांत रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत; त्यांपैकी एकावरचा उपाय ताटातच आहे.

डाळी, पालेभाज्या, तीळ यांत लोह असते, परंतु वनस्पतिजन्य लोह शरीर सहजी शोषून घेत नाही. 'क' जीवनसत्त्व त्यास शोषणसुलभ रूप देते. अट एवढीच की, दोन्ही एकाच वेळी पोटात हवीत. सकाळी अनशापोटी खाल्लेले संत्रे दुपारच्या मेथीच्या भाजीला फारसे साहाय्य करीत नाही. मिठाशेजारी लिंबाची फोड वाढणाऱ्या आपल्या आजी-पणजींना रसायनशास्त्र ठाऊक नसेल, पण ताट त्यांनी अचूक मांडले! जेवणावर लगेच घेतलेला चहा मात्र लोहाच्या शोषणात अडथळा आणतो. तो तासभर लांबवावा.

दुसरा शत्रू उष्णता. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरील वैद्याने स्कर्व्हीच्या बारा रुग्णांपैकी दोघांना रोज दोन संत्री व एक लिंबू दिले. सहा दिवसांत त्यांच्यापैकी एक कामावर परतला. पुढे याच लिंडने रस टिकावा म्हणून तो आटवून ठेवण्याची शिफारस केली आणि त्याचे सत्त्वच हरपले! उकळत्या वरणात लिंबू पिळणाऱ्या गृहिणीकडून हीच चूक घडते. आपली लाडकी संत्रा बर्फी चवीने खावी, जीवनसत्त्वासाठी नव्हे.

२०२० च्या राष्ट्रीय शिफारशींनुसार पुरुषाला दररोज ८० व स्त्रीला ६५ मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व लागते. शंभर ग्रॅम संत्र्याच्या गरात ते साधारण ३० मिलिग्रॅम असते. पेरू व आवळा याबाबतीत संत्र्याहून कितीतरी श्रीमंत आहेत, हे संत्रानगरीच्या अभिमानाला थोडे बोचेल खरे. हे जीवनसत्त्व शरीर स्वतः तयार करीत नाही, फार काळ साठवतही नाही; म्हणून ते रोज हवे. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरांत त्याच जेवणासोबत, साली काढून लगेच, फोडींसकट संत्रे खावे. वरणावर लिंबू पिळायचे ते ताटात वाढून झाल्यावर.